संडासातले पाणी उतरत नाही, तेव्हा

मागच्या पावसाळ्यात मालेगाव तालुक्यातल्या एका वस्तीत सुनेला तपासायला गेले होते. लघवीला जळजळ, अंगात ताप. विचारले तर म्हणाली, "ताई, महिना झाला संडास तुंबून. दिवसा मी पानीच पेत नाही, अंधार पडल्यावर बाहेर जाते." तिला दवाखान्यात पाठवले, पण दुखण्याचे मूळ अंगणात होते. म्हणून चेंबरचे झाकण उघडायला लावले.

आपल्याच जिल्ह्यातल्या सायखेड्याच्या एका बहिणीने मंगळसूत्र विकून संडास बांधला होता. 2015 साली त्याची बातमी राज्यभर गेली. इतक्या मोलाची वस्तू एका चिंधीपायी बंद पडू नये.

12,000 रुपयांच्या अनुदानात बांधलेले आपले बहुतेक संडास दोन खड्ड्यांचे आहेत. भांड्याखाली वाकडा कोंबडा असतो. त्यात थोडे पाणी अडून राहते, त्यामुळे वास आणि माशा वर येत नाहीत. पुढे पाइप, मग चेंबर, आणि चेंबरातून दोन खड्ड्यांकडे दोन वाटा. भांडे भरलेले असताना चेंबर उघडून पाहा. चेंबर कोरडे असेल तर अडथळा कोंबड्यात किंवा अलीकडच्या पाइपात आहे. चेंबरही भरले असेल तर दोष पुढे, खड्ड्याकडे आहे.

अलीकडचा अडथळा घरी निघतो. हातमोजे नसतील तर हाताला जाड पिशवी बांधा. काठीच्या टोकाला चिंध्यांचा मोठा गोळा घट्ट बांधून त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवा. तो भोकावर बसवून पंपासारखा पंधरा-वीस वेळा दाबा आणि ओढा. मग बादलीभर पाणी एका दमात ओता. तरीही नाही निघाले तर कपडे धुण्याची पावडर घातलेले गरम पाणी ओतून अर्धा तास थांबा. उकळते नको, भांडे तडकते. लोखंडी सळई घालू नका, कोंबडा फुटला की फरशी फोडावी लागते. बांबूची लवचिक कामटी चालते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत छाती भरून येते.

निघते काय? बहुतेक वेळा पॅड, लेकराचे डायपर, गुटख्याच्या पुड्या. पॅड पाणी शोषून फुगते आणि कोंबड्यातच बसते. मुलींना हे लाजेपोटी कोणी सांगत नाही. संडासात कागद आणि झाकणाचा डबा ठेवा, म्हणजे पॅड भोकात टाकायची वेळच येणार नाही.

आता खड्ड्याचे. चेंबरात एक वाट विटेने बंद असायला हवी. पुष्कळ ठिकाणी गवंडी दोन्ही उघड्या सोडून जातो, मग दोन्ही खड्डे बरोबरच भरतात. त्या सुनेच्या घरी नशिबाने दुसरा खड्डा कोरा होता. वीट काढून पहिल्याच्या तोंडाला लावली, मातीने लिंपली, आणि संध्याकाळी संडास सुरू झाला. भरलेला खड्डा दोन वर्षे झाकून ठेवा. आत वास नसलेले कोरडे खत होते. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी लवकर शोषत नाही. म्हणून न्हाणीचे पाणी त्या खड्ड्यात सोडू नका, आणि भोवती मातीचा उंचवटा करा.

एकच खड्डा असेल किंवा सेप्टिक टँक भरली असेल तर माणूस उतरवू नका. आतला वायू एका श्वासात बेशुद्ध करतो. नोकरीत असताना अशा टाकीतून काढलेले दोघे रात्री आमच्याकडे आणले होते. एक उतरला, दुसरा त्याला वाचवायला. दोघेही गेले. असे काम कोणाला सांगतात, ती माणसे कोणत्या वस्तीतली असतात, हे तुम्हाला सांगायला नको. मग आपल्याच दारात आपण तेच का करावे? 2013 च्या कायद्याने पूर्ण न कुजलेला मैला हाताने काढायला लावणे बंद आहे. माणसाला सुरक्षा साधनांशिवाय टाकीत उतरवले तर पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. नगर परिषदेत किंवा ग्रामपंचायतीत मैला ओढणाऱ्या गाडीसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गाडी येईपर्यंत शेजारच्या घराचा संडास वापरायचे आधीच बोलून ठेवा, निदान लेकीसुनांसाठी.

चेंबरचे झाकण सिमेंटने बुजवले असेल तर या उन्हाळ्यातच मोकळे करून घ्या.