रॉस समुद्राचे मीठ : पन्नास वर्षांची नोंद

अंटार्क्टिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ आणि पेंग्विन पक्षी उभे राहतात. त्या बर्फाला लागून असलेल्या समुद्राविषयी मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसे येत नाही. वास्तविक जगातील महासागरांच्या अगदी तळाशी जे थंडगार पाणी पसरलेले आहे, त्याचा मोठा भाग अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ मोजक्या ठिकाणी तयार होतो. त्यांपैकी एक ठिकाण म्हणजे न्यूझीलंडच्या दक्षिणेकडचा रॉस समुद्र. जेम्स क्लार्क रॉस या इंग्रज दर्यावर्दीने तो १८४१ साली शोधला. त्याच्या दक्षिण बाजूला जवळजवळ फ्रान्स देशाएवढा तरंगता बर्फाचा पट्टा आहे.

येथे पाणी जड कसे होते, ते आधी समजून घेऊ. खंडाच्या उंच भागावरून अतिथंड वारे उताराने समुद्राकडे झेपावतात आणि किनाऱ्यालगतचा बर्फ पुढे ढकलून देतात. मोकळे झालेले पाणी उणे १.९ अंशाच्या आसपास पुन्हा गोठते. वारा तोही बर्फ ढकलतो, पाणी पुन्हा गोठते. बर्फ होताना त्यात मीठ फारसे राहत नाही, ते खालच्या पाण्यात उतरते. असे संपूर्ण हिवाळाभर चालते. खारट झालेले जड पाणी किनाऱ्याजवळच्या उथळ भागातील खोलगट जागांत साठते आणि तेथून ओसंडून महासागराच्या तळाकडे जाते. पृष्ठभागावरचा प्राणवायू हेच पाणी खोल समुद्रातील जीवांपर्यंत नेते. इतक्या थंड पाण्यात तापमानाच्या थोड्याफार फरकाने जडपणा विशेष बदलत नाही. तो ठरतो मिठावरून. म्हणून येथे मिठाचा हिशोब महत्त्वाचा.

हा हिशोब केव्हापासून ठेवला गेला? नागपूरच्या धम्मदीक्षेनंतरच्या पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष सुरू झाले आणि अनेक देशांनी अंटार्क्टिकावर ठाणी उभारली. त्या काळापासून रॉस समुद्रातील पाण्याचे नमुने घेण्यास नेटाने सुरुवात झाली. त्या वेळी विशिष्ट बनावटीच्या बाटल्या तारेने खोल सोडून पाणी वर काढीत. पुढे विजेवर चालणारी उपकरणे आली. उपकरणे बदलली तरी जुन्या व नव्या आकड्यांची तुलना करता यावी म्हणून प्रमाणित समुद्रपाण्याशी प्रत्येक मोजणी ताडून पाहतात. दुकानदाराची वजने सरकारी वजनाशी ताडतात, तसाच हा प्रकार. या कामाची वाहवा कोणी करीत नाही, पण ते नसते तर पुढचे काहीच कळले नसते.

या नोंदी एकत्र मांडून २००२ साली स्टॅन्ले जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. जेकब्स हे कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधन संस्थेतील. बाबासाहेबांनी उच्च शिक्षण घेतले तेच हे विद्यापीठ, हे वाचकांना सांगावेसे वाटते. रॉस बेटाजवळच्या खोल पाण्यातील मीठ दर दशकाला किलोमागे सुमारे ०.०३ ग्रॅमने कमी होत आहे, असे त्यांना आढळले. पुढे २००८ पर्यंतच्या पन्नास वर्षांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हाही हाच वेग कायम होता. म्हणजे पन्नास वर्षांत किलोमागे साधारण ०.१५ ग्रॅम. दहा लिटरच्या बादलीत दीड ग्रॅम, एक चिमूट! आपण म्हणू, एवढ्याने काय होते? परंतु ही चिमूट एका बादलीतली नसून संपूर्ण समुद्रातली आहे, आणि पाणी तळाला जाणार की मधेच रेंगाळणार, हे तिच्यावर ठरते. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील खोल समुद्रात पोहोचणारे तळपाणी १९९० च्या दशकापासून २००९ पर्यंत घटत गेले, असे नंतरच्या अभ्यासात दिसून आले. त्याबरोबर प्राणवायूचा पुरवठाही घटला.

आता कारणाकडे वळू. सहज कोणालाही वाटेल की रॉसचा तो अवाढव्य बर्फाचा पट्टा वितळत असेल. पण त्याच्याखालचे पाणी अतिशय थंड आहे आणि तो बराचसा स्थिर आहे. गोडे पाणी आले ते पूर्वेकडून, हजार किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या आमुंडसेन समुद्रातून. तेथे खोल महासागरातील तुलनेने उबदार पाणी, म्हणजे शून्याच्या जेमतेम एक अंश वरचे, किनाऱ्यापर्यंत घुसते आणि पाइन आयलंड, थ्वेट्स या हिमनद्यांची तरंगती टोके खालून वितळवते. ते वितळलेले पाणी किनाऱ्यालगतच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेकडे वाहत रॉस समुद्रात येते. तरंगता बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी विशेष वाढत नाही. परंतु त्याचा अडसर कमी झाला की मागील जमिनीवरचा बर्फ वेगाने समुद्रात येतो, आणि त्याने पातळी वाढते. हा फरक परीक्षेत पुष्कळ विद्यार्थी चुकतात.

भगवान बुद्धांचा प्रतीत्यसमुत्पाद आपण प्रवचनांत ऐकतो : कोणतीही गोष्ट कारणांवाचून घडत नाही, आणि एका कार्यामागे अनेक कारणे एकत्र आलेली असतात. त्या शिकवणीत समुद्रशास्त्र दडले आहे असे म्हणण्याची आपली एक खोड आहे, ती मला मान्य नाही. मात्र विचार करण्याची ती रीत येथे फार उपयोगी पडते. याचे कारण पुढची हकीकत.

२०१४ पासून रॉस समुद्रातील मीठ एकाएकी वाढू लागले. २०१८ पर्यंत ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस होते तेथवर परत गेले. इटलीच्या शास्त्रज्ञांनी व इतरांनी हे जसे दिसले तसे २०१९ मध्ये जाहीर केले. आधीच्या निष्कर्षाला अडचणीचे म्हणून दडवले नाही. तपास केल्यावर आढळले की २०१५ ते २०१८ या काळात जोरदार एल निनो आणि दक्षिण गोलार्धातील वाऱ्यांची विशिष्ट स्थिती यांचा दुर्मीळ योग जुळून आला होता. पूर्वेकडून येणारा समुद्री बर्फ कमी झाला, मोकळ्या पाण्यावर नवा बर्फ अधिक तयार झाला आणि मीठ वाढले. तळपाणीही अंशतः सावरले.

मग वितळण्याची चिंता संपली काय? बँकेत आम्ही रोज पाहतो, एखाद्या खात्यातून दरमहा रक्कम जात असते आणि मधेच एकदा मोठा भरणा होतो. त्या दिवशीची शिल्लक पाहून खातेदार खूश होतो, पण दरमहा जाणारी रक्कम काही थांबलेली नसते. आमुंडसेन समुद्राकडील हिमनद्यांचा बर्फ घटतोच आहे. नुसत्या २०१८ च्या आकड्यावरून कोणी ‘सर्व ठीक’ म्हणेल, नुसत्या २००८ च्या आकड्यावरून कोणी ‘सर्व संपले’ म्हणेल. दोघांनीही संपूर्ण खाते पाहिलेले नसते.

आपल्या देशाचाही या विषयाशी संबंध आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. या कामाचे राष्ट्रीय केंद्र आज गोव्यातच वास्को येथे आहे. २०१२ मध्ये सुरू झालेले आपले ‘भारती’ ठाणे ज्या प्रिड्झ उपसागराच्या काठी आहे, तेथेही जड पाणी तयार होते आणि तेथेही वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी त्याचा जडपणा कमी करते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. आपल्या अभ्यासिकेत अकरावी-बारावी विज्ञानाची जी मुले-मुली येतात, त्यांना डॉक्टर आणि इंजिनिअर या दोनच वाटा ठाऊक असतात. भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेऊन पुढे समुद्रविज्ञानात एम. एस्सी. करता येते. गोवा विद्यापीठात हा अभ्यासक्रम आहे.