शंभर मिलिमीटर पावसावरची शेती

वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. एवढ्यावर गहू पिकेल का? तुम्ही म्हणाल, अशक्य! पण इस्राएलमधील नेगेव्ह वाळवंटात दीड-दोन हजार वर्षांपूर्वी नाबातियन आणि पुढे बायझंटाइन काळातील शेतकरी गहू, बार्ली, द्राक्षे, ऑलिव्ह पिकवीत होते. विहीर नाही, कालवा नाही. मग पाणी कोठून आले?

आपण हिशेब करू. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १ हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तेव्हा १०० मिलिमीटर पावसाचे हेक्टरी १० लाख लिटर पाणी होते. पिकाला ते पुरत नाही.

आता समजा, शेताच्या वर २० हेक्टर उघडी टेकडी आहे. तिच्यावर २ कोटी लिटर पाणी पडेल. त्यातले १५ टक्केच वाहून खाली आले, तरी ३० लाख लिटर झाले. शेतावरचे १० लाख मिळवा. एकूण ४० लाख लिटर, म्हणजे जणू ४०० मिलिमीटर पाऊस!

पण पाणी टेकडीत मुरत का नाही? तेथील माती अतिशय बारीक असते. थेंबांच्या माऱ्याने तिचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि वर खपली धरते. मुरण्याच्या वेगापेक्षा पावसाचा वेग वाढला, की उरलेले पाणी उतारावरून धावू लागते. खाली दगडी ताली ते अडवतात. तेथे मातीचा थर खोल असल्याने ओल महिनोन्‌महिने टिकते. जादा पाणी सांडीवरून खालच्या शेतात उतरते.

वनस्पतिशास्त्रज्ञ मायकेल एव्हेनारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस अशी जुनी शेते दुरुस्त करून पुन्हा पिकवून दाखविली. टेकडीवरचे दगड वेचले, तर पाणी अधिक वाहते, असे त्यांना आढळले.

मात्र एक गोष्ट विसरू नका. १ हेक्टर हिरवे ठेवण्यासाठी २० हेक्टर उघडे राहिले. वर कोणी नवा बांध घातला, तर खालचे शेत वाळणारच. आपल्याकडील अवर्षणप्रवण भागात शेततळे खणतानाही हाच प्रश्न आधी विचारावा लागतो : पाणी कोणाच्या उतारावरून येणार?

करून पाहा : दोन सारख्या ट्रेमध्ये बारीक माती दाबून भरा. एकीवर खडे पसरा. दोन्ही सारख्याच तिरप्या ठेवून झारीने प्रत्येकी २ लिटर पाणी शिंपडा. खाली जमलेले पाणी मोजा. कोणत्या ट्रेमधून जास्त आले? का?