मॅनेज्ड नेटवर्क स्विच : मांडणी, जुळणी आणि जबाबदारी



परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपल्यापैकी प्रत्येकास ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वी १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले ठराव संमत झाला होता आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने ते तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीरही केले होते, याकडे आपले लक्ष कमी जाते. म्हणजे हक्क कागदावर होता, हातात नव्हता. कागदावरचा हक्क हातात घ्यावा लागतो, हा महाडचा धडा आहे.

हा धडा लहानसहान गोष्टींनाही लागू पडतो. गावोगावच्या संस्था वर्गणी काढून अभ्यासिकेसाठी संगणक घेतात. बाहेरून एक माणूस येतो, भिंतीवर एक पेटी बसवतो, वायरी जोडतो आणि जातो. पेटी संस्थेची, पावती संस्थेच्या नावाची, पण त्या पेटीचा पासवर्ड आणि तिच्यात काय भरले आहे याचे ज्ञान त्या माणसाबरोबर निघून जाते. पुढे काही अडले की पुन्हा त्याचीच वाट पाहावयाची. अशी पेटी आपली म्हणता येईल काय? त्या पेटीचे, म्हणजे नेटवर्क स्विचचे काम आपल्या मुलामुलींनी स्वतः करावे, या हेतूने हा पाठ लिहिला आहे.

१. स्विच म्हणजे काय?

अनेक संगणक, छपाई यंत्रे, कॅमेरे एकमेकांस वायरीने जोडण्याच्या पद्धतीस इथरनेट म्हणतात. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ साली तिची सुरुवात झाली. सर्व वायरी जेथे एकत्र येतात ती पेटी म्हणजे स्विच.

पूर्वी त्या जागी हब असे. हब म्हणजे दवंडी. एकाचा निरोप तो सर्व वायरींवर पाठवी. स्विचचे काम गावच्या पोस्टमनसारखे आहे. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक मॅक पत्ता मिळालेला असतो. कोणता पत्ता कोणत्या पोर्टवर आहे याची यादी स्विच स्वतः तयार करतो आणि ज्याचा निरोप त्यालाच देतो. पत्ता यादीत नसेल तेव्हाच तो सर्वांकडे विचारणा करतो.

साधा स्विच एवढेच करतो. मॅनेज्ड स्विच आपले ऐकतो. कोणत्या पोर्टवर कोणी बोलावे, कोणाचे दप्तर कोणापासून वेगळे ठेवावे, कोणते पोर्ट बंद असावे, हे त्यास सांगता येते. सांगता येते म्हणूनच ते सांगणारा जाणता असावा लागतो.

२. बसविण्यापूर्वी

धरून चालू की आपल्या अभ्यासिकेत २४ पोर्टचा एक स्विच बसवावयाचा आहे. आगरदांडा खाडीकाठचे गाव. खारी हवा आणि पावसाळ्यातील ओल यांमुळे तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो. म्हणून पेटी खिडकीपासून दूर, जमिनीपासून उंच, कुलपाच्या कपाटात पण हवा खेळती राहील अशी बसवावी. रिकाम्या पोर्टांना टोपणे लावावीत. अर्थिंग विद्युत तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे. यूपीएस अवश्य असावा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आपल्या किनाऱ्यावरील विजेचे खांब कसे आडवे झाले, ते सर्वांनी पाहिले आहे. वीज जाणे-येणे हा आपल्याकडील नित्याचा प्रसंग समजूनच मांडणी करावी.

तांब्याच्या वायरीची लांबी स्विचपासून यंत्रापर्यंत १०० मीटरच्या आत ठेवावी. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवावा. हे काम कंटाळवाणे वाटते, पण पुढील निम्मे कष्ट त्याने वाचतात.

३. पहिली जोडणी

नवा स्विच चालू नेटवर्कला लगेच जोडू नये. प्रथम तो एकटाच टेबलावर ठेवून कन्सोल केबलने एका संगणकास जोडावा. संगणकावर टर्मिनलचा प्रोग्रॅम उघडून वेग ९६०० ठेवावा. काही कंपन्यांचा वेग ११५२०० असतो, तो पुस्तिकेत दिलेला असतो. काही लहान स्विचना कन्सोल नसतो. त्यांचे पान ब्राउझरमध्ये उघडते आणि त्याचा पत्ता पेटीच्या पाठीवर छापलेला असतो.

आत शिरल्यावर पुढील कामे याच क्रमाने करावीत.

(अ) कारखान्याचा पासवर्ड बदलावा. तो पुस्तिकेत छापलेला असतो, म्हणजे सर्व जगाला माहीत असतो.

(आ) स्विचला ओळखता येईल असे नाव द्यावे.

(इ) व्यवस्थापनासाठी आयपी पत्ता द्यावा. उदाहरणार्थ पत्ता १९२.१६८.९९.२, मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे १९२.१६८.९९.१.

(ई) दूरून आत शिरण्यासाठी टेलनेट बंद करून एसएसएच चालू करावे. टेलनेटमध्ये पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जातो, एसएसएचमध्ये बंद पाकिटातून.

(उ) तारीख व वेळ लावावी. बिघाडाची नोंद वेळेवाचून निरुपयोगी ठरते.

४. व्हीलॅन : एका पेटीत अनेक खोल्या

संस्थेच्या कार्यालयातील संगणकावर सभासदांची यादी, वर्गणीचा हिशेब, शिष्यवृत्तीच्या अर्जांसोबतचे जातीचे व उत्पन्नाचे दाखले असतात. विद्यार्थ्यांच्या हाती येणाऱ्या संगणकांवर एखादा व्हायरस शिरला तर तो या दप्तरापर्यंत पोहोचता कामा नये. त्यासाठी एकाच स्विचचे वेगवेगळे भाग पाडता येतात. त्यास व्हीलॅन म्हणतात. प्रत्येकास १ ते ४०९४ पैकी क्रमांक असतो.

आपल्या उदाहरणात पुढीलप्रमाणे वाटणी करावी.

पोर्ट १ ते ४ : कार्यालय, व्हीलॅन १०.
पोर्ट ५ ते १८ : विद्यार्थी, व्हीलॅन २०.
पोर्ट १९ ते २२ : कॅमेरे, व्हीलॅन ३०.
पोर्ट २३ : विद्यार्थ्यांचे वायफाय, व्हीलॅन २०.
पोर्ट २४ : राउटरकडे जाणारा ट्रंक.
व्यवस्थापन : व्हीलॅन ९९.

पहिली २३ पोर्ट ॲक्सेस प्रकारची. त्यांवर एकाच व्हीलॅनची वाहतूक चालते आणि जोडलेल्या संगणकास व्हीलॅनचा पत्ताही नसतो. चोविसावे पोर्ट ट्रंक. त्यावरून सर्व व्हीलॅनची वाहतूक जाते आणि प्रत्येक निरोपावर कोणत्या व्हीलॅनचा आहे त्याची चिठ्ठी असते. राउटरवरही हेच चार क्रमांक भरावे लागतात. दोन व्हीलॅनमधील वाहतूक राउटरमधूनच होते, म्हणून विद्यार्थी व कॅमेरे यांच्याकडून कार्यालयाकडे जाणारी वाट तेथे बंद करावी. ही बंदी विसरली तर व्हीलॅन पाडूनही भिंतीत दार उघडे राहते.

बहुतेक स्विचवर आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाईप कराव्या लागतात. सर्वाधिक शिकविल्या जाणाऱ्या सिस्को पद्धतीत त्यांचे उच्चार असे : 'एनेबल', 'कॉन्फिगर टर्मिनल', मग 'व्हीलॅन २०' असे लिहून तो निर्माण करणे. त्यानंतर पोर्टमध्ये शिरून 'स्विचपोर्ट मोड ॲक्सेस' आणि 'स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन २०'. शेवटी 'शो व्हीलॅन ब्रीफ' या आज्ञेने केलेले काम पडताळावे. इतर कंपन्यांचे शब्द थोडे वेगळे असतात, तत्त्व तेच.

एक इशारा. ज्या वायरीवरून आपण स्विचशी बोलत आहोत, तिचाच व्हीलॅन बदलला तर संपर्क तत्काळ तुटतो. झाडाच्या फांदीवर बसून तीच तोडण्यासारखे ते आहे. असे बदल कन्सोल केबलनेच करावेत.

आणि एक खुलासा. ही विभागणी दप्तराच्या सुरक्षिततेसाठी आहे. माणसांत उच्चनीचता मांडण्यासाठी नाही. इंटरनेटचा वेग विद्यार्थ्यांना कार्यालयापेक्षा कमी मिळावा असे तिच्यात काहीही नाही. उलट अभ्यासिकेत पहिला मान विद्यार्थ्यांचा असावा.

५. लूपपासून सावधान

कोणी सुटी पडलेली वायर पाहून तिची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये खोचली, तर वर्तुळ तयार होते. सर्वांसाठी असलेला निरोप त्या वर्तुळात फिरू लागतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि क्षणार्धात सारे नेटवर्क ठप्प होते. हे टाळण्यासाठी स्पॅनिंग ट्री नावाची पद्धत आहे. राडिया पर्लमन या विदुषीने ती १९८५ साली शोधली. ती वर्तुळ ओळखते आणि त्यातील एक वाट बंद ठेवते. मॅनेज्ड स्विचमध्ये ती चालू आहे याची खात्री करावी. संगणकांच्या पोर्टांवर बीपीडीयू गार्डही लावावा, म्हणजे तेथे कोणी परस्पर दुसरा स्विच जोडला तर ते पोर्ट आपोआप बंद होते.

हा धोका लहान संस्थांपुरता नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहराच्या बेथ इस्रायल डिकनेस या मोठ्या रुग्णालयाचे नेटवर्क याच प्रकारे कोसळले. जाळे वर्षानुवर्षे वाढत गेले, स्विचांची साखळी मर्यादेबाहेर लांबली आणि वर्तुळ रोखणारी पद्धतच कोलमडली. डॉक्टर-परिचारिकांना काही दिवस कागदावर काम करावे लागले. पेटीमागून पेटी जोडताना कोणीतरी नकाशा काढीत राहिले पाहिजे, हा त्यातला बोध.

६. जतन करा आणि लिहून ठेवा

नवशिक्यांची मोठी फसगत येथे होते. आपण दिलेल्या आज्ञा स्विच लगेच पाळतो, परंतु त्या त्याच्या तात्पुरत्या स्मरणात असतात. जतन केल्याशिवाय वीज गेली की दिवसभराचे काम पुसले जाते. सिस्को पद्धतीत 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' ही आज्ञा काम पूर्ण झाल्यावर द्यावीच. नंतर त्याची फाईल संगणकावर व पेनड्राइव्हवर घ्यावी. एकदा मुद्दाम वीज बंद करून, पुन्हा चालू करून सर्व जागच्या जागी आहे काय ते पाहावे.

त्यानंतर एक नोंदवही करावी. तीत पोर्टांचा तक्ता, आयपी पत्ते, वायरींचे क्रमांक, केलेला प्रत्येक बदल, त्याची तारीख आणि करणाऱ्याची सही असावी. पासवर्ड मात्र वहीत लिहू नये. तो मोहोरबंद पाकिटात ठेवून पाकीट संस्थेच्या तिजोरीत असावे, आणि अध्यक्ष व चिटणीस या दोघांच्या संमतीनेच ते उघडावे. काम करणारी व्यक्ती बदलली की पासवर्ड बदलावा. पासवर्ड हरवल्यास स्विच मूळ स्थितीत आणता येतो, पण त्यात सारी मांडणी पुसली जाते. पेटीला कुलूप हवे ते यासाठीही.

हे कशाला, असे कोणास वाटेल. जुलै २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहरात एका अभियंत्याने महानगराच्या नेटवर्कचे पासवर्ड आपल्यापाशीच ठेवले आणि वरिष्ठांना देण्यास नकार दिला. त्यास अटक झाली. शेवटी तुरुंगात भेटावयास आलेल्या महापौरांना त्याने ते दिले, आणि २०१० साली न्यायालयाने त्यास दोषी ठरविले. त्या दिवसांत नेटवर्क बंद पडले नव्हते. ते चालू होते, पण शहराच्या हाती नव्हते. माणूस कितीही हुशार व प्रामाणिक असो, सार्वजनिक वस्तूची किल्ली एकट्याच्या खिशात राहता कामा नये.

आपल्या राजपुरी खाडीच्या आतल्या अंगाला कुडा येथे बौद्ध लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लोखंडाचा व्यापार करणारे, वैद्य, माळी, लेखक आणि भिक्खुणी अशा नाना लोकांनी तेथे दान दिले, आणि कोणी काय दिले ते खडकावर कोरून ठेवले. संघाची वस्तू संघाची राहावी म्हणून नोंद हवी, ही आपलीच जुनी शिस्त आहे.

७. बिघाड शोधणे

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद शिकविला. कारणावाचून कार्य नाही, कारण दूर केले की कार्य थांबते. बिघाड शोधण्याची पद्धत हीच. अंदाजाने चार गोष्टी एकदम बदलू नयेत. एक बदलावी, परिणाम पाहावा, मग पुढे जावे.

प्रथम पोर्टचा दिवा पाहावा. दिवा नसेल तर वायर, टोक किंवा वीज यांत दोष असतो. दिवा असूनही संपर्क नसेल तर पोर्ट योग्य व्हीलॅनमध्ये आहे का ते तपासावे. तेही ठीक असेल तर संगणकाला आयपी पत्ता मिळाला का ते पाहावे. नंतर गेटवेला पिंग करावे. सर्वच यंत्रे एकदम बंद पडली आणि सारे दिवे वेड्यासारखे लुकलुकू लागले, तर लूप आहे असे समजून शेवटी खोचलेली वायर आधी काढावी.

८. विद्यार्थ्यांसाठी आणि कार्यकारिणीसाठी

विद्यार्थ्यांनी पॅकेट ट्रेसर या मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर वरील २४ पोर्टची मांडणी प्रथम करून पाहावी. नंतर एखादा जुना, वापरलेला मॅनेज्ड स्विच मिळवून तो पूर्ण पुसावा आणि नोंदवहीवरून पुन्हा उभा करावा. ज्याला वहीवरून तो उभा करता आला, त्याला काम आले, आणि ती वहीही खरी ठरली. बंदर, बँक, रुग्णालय, महाविद्यालय अशा प्रत्येक ठिकाणी या कामाची गरज असते. आपल्याच जिल्ह्यात लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले, बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. बारावीच्या मुलामुलींनी तिकडे अवश्य लक्ष द्यावे.

कार्यकारिणीस विनंती अशी की स्विच घेण्याच्या ठरावातच तीन गोष्टी लिहाव्यात : नोंदवही कोण ठेवील, मोहोरबंद पाकीट कोणाच्या ताब्यात राहील, आणि दरवर्षी कोणते दोन नवे विद्यार्थी, त्यांत किमान एक मुलगी, हे काम शिकतील. बाहेरच्या तंत्रज्ञाकडून काम करून घेतल्यास बिल चुकते करण्यापूर्वी पासवर्ड, फाईल आणि पोर्टांचा तक्ता हातात घ्यावा. हे तीन कागद हाती नाहीत तोवर पेटी भिंतीवर आली, पण संस्थेकडे आली नाही, असेच समजावे.

जयभीम! नमो बुद्धाय!