दुधाचाच दात आहे, म्हणून सोडू नकोस

काल पोरीला कडेवर घेऊन तू दारात उभी राहिलीस. तिच्या दाढेत तू लवंग दाबली होतीस, आणि म्हणालीस, "ताई, दुधाचाच दात आहे, आज ना उद्या पडेल." तिच्यासमोर मी काही बोलले नाही. आता ती झोपलीय, तर ऐक.

हेच मीही म्हणत होते, माझ्या मोठ्याच्या वेळी. पाच वर्षांचा होता तो. रात्री चहात बिस्किटं बुडवून खायचा आणि तसाच झोपायचा. दाढेत काळं भोक दिसत होतं. पण तो रडत नव्हता, म्हणून मी दिवस ढकलत राहिले. एका रात्री गाल टम्म सुजला. दाढ काढावी लागली. मग मागची दाढ त्या मोकळ्या जागेत सरकली, आणि पक्का दात यायची वेळ झाली तेव्हा त्याला जागाच उरली नव्हती. वाकडा आला तो, हिरडीच्या बाजूने. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात आणि पक्क्या दातांची जागा धरून ठेवतात, हे मला फार उशिरा कळलं. तुला उशीर झालेला नाही.

आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे एक दाढ गुपचूप येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून आपण तिलाही दुधाचीच समजतो. ती पक्की असते, जन्माची. तुझी लेक साडेपाच वर्षांची आहे. उद्या खिडकीशी नेऊन तिचं तोंड नीट उघडून बघ.

पैशाचं मला ठाऊक आहे गं. भिलाईच्या कारखान्यातल्या पक्क्या नोकरीवाल्यांना सेक्टर 9 च्या हॉस्पिटलचा आधार असतो, ठेक्यावरच्या माणसाला तो कुठला! पण भाऊजींच्या पगारातून ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, पैसे कापले जातात का, ते त्यांना विचार. महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो, आणि त्याची बायको-मुलंही. कार्डावर पोरीचं नाव चढलंय का, तेही बघून घे. पुष्कळ घरांत ते राहूनच जातं.

दुसरी जागा तर तुझ्या रोजच्या वाटेवर आहे. कोहका-कुरुद रस्त्यावरचं रुंगटा डेंटल कॉलेज. एवढी मोठी इमारत बघून आपल्याला वाटतं, हे आपल्यासाठी नाही. अगं, दातांच्या कॉलेजला पेशंट लागतातच, त्याशिवाय मुलं शिकणार कशी? म्हणून अशा ठिकाणी खासगी दवाखान्यापेक्षा कमी पैशांत काम होतं. "शिकाऊ पोरं आपल्या लेकरावर हात साफ करतात" असं गल्लीत कुणीतरी म्हणेलच. पण त्यांच्या कामावर शिकवणाऱ्या डॉक्टरांची नजर असते. लहान मुलांच्या दातांचा विभागच वेगळा असतो. खिडकीवर चिठ्ठी काढताना तोच माग. खर्च होतो तो वेळेचा. एका दातासाठी तीन-तीन खेपाही पडतात आणि तेवढे रोज बुडतात, ही अडचण खरी आहे. म्हणून पहिल्याच दिवशी विचार: एकूण किती खेपा, किती पैसे, आणि यातलं आधी काय केलंच पाहिजे? हे विचारायला लाजू नकोस. कीड वरवर असेल तर नुसतं भरून भागतं. खोल गेली असेल तर नस साफ करून स्टीलची टोपी बसवतात. कीड जागच्या जागी थांबवणारं एक औषधही असतं. दात त्याने काळा पडतो, पण लहान मुलाचं सुई-मशीनशिवाय निभावतं. तेही विचारून ठेव.

सरकारी दार हवं असेल तर सुपेल्याचं लाल बहादूर शास्त्री रुग्णालय किंवा दुर्गचं जिल्हा रुग्णालय आहे. दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात ते आधी विचारून जा. मोठं काम निघालं तर रायपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. आणि अंगणवाडीत, शाळेत मुलांच्या सरकारी तपासणीची, चिरायूची गाडी येते ना, त्या तपासणीत दातांची कीडही बघतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. त्या दिवशी पोरीला घरी ठेवू नकोस, आणि त्यांनी पुढे पाठवायची चिठ्ठी दिली तर ती डब्यात जपून ठेव.

एक नाजूक गोष्ट आहे, रागावू नकोस. तुझ्या सासूबाई सकाळी गुडाखू घासतात. आपल्याकडे महाराष्ट्रात मिश्री, तशी इकडे गुडाखू. तंबाखू आणि गूळ, दोन्ही त्यात. परवा पोरगी त्यांच्या डबीत बोट घालताना मी पाहिली. सासूबाईंची सवय आता सुटेल न सुटेल, पण डबी फळीवर उंच ठेव. पोरीला फ्लोराइड लिहिलेली साधी पेस्ट दे, वाटाण्याएवढी. धाकट्याला तांदळाच्या दाण्याएवढीच. रात्रीचा ब्रश तू स्वतः कर, सात-आठ वर्षांची होईपर्यंत. आणि ब्रश झाल्यावर पाण्याशिवाय काही नाही, दूधसुद्धा नाही.

लवंगेचं तेल हिरडीला लावू नकोस, भाजतं. आणि गाल सुजला, ताप आला, डोळ्याखाली सूज चढली किंवा गिळायला त्रास व्हायला लागला, तर सोमवारची वाट बघायची नाही. रात्र असली तरी मला उठव, सरळ मोठ्या दवाखान्यात जाऊ.

तसं काही झालं नाही तर सोमवारी सकाळी लवकर दात दाखवायला निघू. धाकट्याला माझ्या सासूबाईंकडे ठेव, मी बोलून ठेवलंय. पोरीला पोटभर खाऊ घालून आण, आणि "डॉक्टर सुई टोचतील हं" असं घरात कुणालाही म्हणू देऊ नकोस.