देहाचा पहारेकरी
कळंबोलीच्या पोलाद बाजारात मालमोटारींची अखंड वर्दळ असते. तेथील धूळ श्वासाबरोबर देहात शिरू पाहते. नाकातील केस व ओलसर अस्तर तिचा बराचसा भाग अडवितात. तेथेच हवा उबदार व दमट होऊन फुप्फुसांकडे जाते. तोंडाच्या वाटेवर असा पहारेकरी नाही. म्हणून तोंड उघडे टाकून झोपणाऱ्याचा घसा सकाळी कोरडा पडतो. पुष्कळदा घोरण्याने झोपही मोडते.

श्वासाचे महत्त्व जाणून स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली घाटमाथ्यावरील लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि प्राणायामाचा प्रयोगांनी अभ्यास केला.

मुलांनो, श्वास नाकानेच घ्यावा. मात्र नाक वारंवार चोंदत असेल, तर संकोच न करता वडीलधाऱ्यांस सांगावे व डॉक्टरांकडे जावे. पहारेकरी आजारी असता द्वार सुरक्षित कसे राहील?