चुना : वरून लावलेला आणि आतून जोडणारा

वाचन : अनुवाद 27:1-4, मत्तय 23:27-28, इफिस. 2:19-22



'चुना लावणे' म्हणजे फसवणे, हे मुलांना शिकवावे लागत नाही. पण चुन्याचे सारे काम पाहिले, तर त्यातून दोन धडे निघतात.

चुनखडी म्हणजे मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेट. शिंपले व अंड्याचे कवचही त्याचेच. चुनखडी भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. 100 किलो शुद्ध चुनखडीतून 56 किलो कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो खदखदतो, तापतो आणि विरतो. हा विरलेला चुना भिंतीत गेला की हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो व पुन्हा दगड होतो.

सिमेंट येण्यापूर्वी चुना व वाळू घाणीत मळून वाडे, पूल व मंदिरे बांधीत. गोवा व कोकणच्या किनाऱ्यावर शिंपले भाजूनही चुना करीत. आजही साखर कारखान्यात उसाचा रस निवळण्यास, कातडी कमावताना केस काढण्यास, पोलादातील अशुद्ध भाग मळीच्या रूपाने वेगळा करण्यास आणि आम्लधर्मी शेतजमीन सुधारण्यास चुना लागतो. सिमेंटचाही मुख्य कच्चा माल चुनखडीच.

आता शास्त्राकडे वळू. यार्देनेपलीकडे गेल्यावर मोठ्या धोंड्यांना चुना लावून त्यांवर नियमशास्त्र लिहावे, अशी इस्राएलास आज्ञा होती. तेथे चुना देवाचे वचन स्पष्ट दिसावे म्हणून होता. वल्हांडणापूर्वी कबरांना सफेदी करीत, ती यात्रेकरूंचा चुकून स्पर्श होऊ नये म्हणून. पण प्रभू येशूने शास्त्री व परूशी यांना त्याच कबरांची उपमा दिली. बाहेर शुभ्र, आत हाडे. दोष चुन्याचा नव्हता, झाकण्याचा होता.

नाताळ जवळ आला की आपणही मंदिराच्या भिंती रंगवतो. त्याच वेळी मंडळीतील दोन घरांचे वर्षानुवर्षे बोलणे बंद असते, आणि ते आपण सारे जाणून असतो. पौल इफिसकरांस ख्रिस्तामध्ये जोडून रचलेल्या इमारतीविषयी लिहितो. तेथे चुन्याचे नाव नाही. पण दगड जोडायचे तर मधला चुना आगीतून गेलेला, विरलेला आणि नजरेआड राहण्यास तयार असलेला हवा. समेट करणाऱ्याचे काम असेच असते. त्याला वेळ लागतो, आणि बाहेरून ते दिसत नाही.

शिक्षकांस सूचना : चुना वर्गात हाताळण्यास देऊ नये. पानाच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबताना फुटून मुलांच्या डोळ्यांत चुना उडतो, आणि दृष्टी जाऊ शकते. तसे झाल्यास डोळा चोळू न देता ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास धुवावा, दिसणारे कण पाण्यानेच काढावे व लगेच इस्पितळात न्यावे. घरी चुना मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नये.

चर्चेसाठी प्रश्न :
1. कबरेची सफेदी व धोंड्यांवरील चुना यांत फरक कोणता?
2. आपण काय झाकतो?
3. या आठवड्यात कोणत्या दोघांना जोडण्यासाठी मी पुढे होईन?