दिवस भरल्यावर कळा आणविताना : गर्भवती व कुटुंबीयांसाठी काही माहिती

काही दिवसांपूर्वी एका गावच्या जत्रेत आमच्या खात्याने माता व बालकांच्या आरोग्याविषयी चित्रप्रदर्शन भरविले होते. सायंकाळी दोन स्त्रिया मंडपात आल्या. एक पोक्त वयाची सासू आणि दुसरी तिची दिवस भरत आलेली सून. सुनेचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. तिच्या हातातील पिशवीत डॉक्टरांची चिठ्ठी होती. रक्तदाब वाढला असल्याने तिने त्याच दिवशी सकाळी इस्पितळात दाखल व्हावयाचे होते. परंतु घरात विचार झाला, की अमावास्या उलटेपर्यंत थांबावे. सासूबाईंनी मला विचारले, “कळा नाहीत, काही नाही, आणि बाळंतपणाला जायचे कसे? फळ पिकल्यावर आपोआप गळते ना?”

प्रश्न सरळ होता. त्यामागे सुनेविषयी माया होती, तशीच भीतीही होती. माझ्यासारख्या प्रसिद्धी खात्यातील माणसाने त्याचे उत्तर देणे योग्य नव्हते, म्हणून शेजारच्या मांडवात बसलेल्या वैद्यकीय अधिकारी बाईंकडे मी त्यांना नेले. त्या बाईंनी जे समजावून सांगितले, ते अनेक कुटुंबांना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून ही माहिती येथे एकत्र केली आहे.

निसर्गाची वेळ आणि वैद्यकाची वेळ

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले असता गर्भावस्थेचा काळ २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे धरला जातो. ही तारीख अंदाजाची असते. नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी मुले थोडीच. बहुतेक मुले दोन आठवडे अलीकडे-पलीकडे जन्मतात. म्हणून तारीख उलटली की लगेच घाबरून जाण्याचे कारण नाही. पाळीची तारीख नीट आठवत नसेल, तर पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीवरून काढलेला अंदाज अधिक भरवशाचा असतो. तो कागद शेवटपर्यंत जपून ठेवावा.

मात्र काही प्रसंगी नैसर्गिक कळांची वाट पाहणे हे माता किंवा बालक यांच्या दृष्टीने अधिक धोक्याचे ठरते. अशा वेळी औषधाने किंवा अन्य उपायाने कळा सुरू केल्या जातात. यालाच प्रेरित प्रसूती असे म्हणता येईल. ४१ आठवडे पूर्ण झाले तरी कळा आल्या नाहीत, तर वारेचे कार्य मंदावण्याचा व बाळाभोवतीचे पाणी कमी होण्याचा संभव असतो. म्हणून या टप्प्यावर कळा आणविण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे. पाणमोट फुटून कळा न येणे, बाळाची वाढ खुंटणे, मातेस मधुमेह असणे ही याची आणखी काही कारणे होत.

रक्तदाबाचे कारण विशेष महत्त्वाचे आहे. गरोदरपणात रक्तदाब १४० व ९० किंवा त्याहून अधिक राहू लागला आणि लघवीत प्रथिने जाऊ लागली, तर हा विकार मातेच्या मेंदूवर, यकृतावर व मूत्रपिंडांवर परिणाम करू शकतो. त्यातून झटके येऊ शकतात आणि प्रसंगी माता व बालक दोघांच्याही जिवावर बेतते. औषधांनी रक्तदाब काही काळ आटोक्यात राहतो. परंतु विकाराचे मूळ वारेत असल्याने खरा उपाय प्रसूती हाच. म्हणून ३७ आठवडे पूर्ण झाले असल्यास डॉक्टर सहसा थांबत नाहीत. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी अथवा ठिणग्या, छातीखाली पोटात दुखणे, एकाएकी चेहऱ्यावर सूज येणे, ही लक्षणे दिसताच तिथी-वार न पाहता, रात्र असली तरी इस्पितळ गाठावे. तेथे नेण्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शुभ मुहूर्त साधावा, अमुक नक्षत्र टळावे, पतीची रजा संपण्यापूर्वी सारे उरकावे, अशा कारणांसाठी दिवस पुरे होण्याआधी कळा आणविण्याचा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये. शेवटच्या आठवड्यांत बाळाची फुप्फुसे व मेंदू परिपक्व होत असतात. मुहूर्तासाठी थांबणे जितके अयोग्य, तितकेच मुहूर्तासाठी घाई करणेही अयोग्य होय.

उपाय कोणते?

प्रथम डॉक्टर आतून तपासणी करून गर्भाशयाचे मुख कितपत मऊ झाले आहे, किती उघडले आहे आणि बाळाचे डोके किती खाली आले आहे हे पाहतात. या तपासणीस गुण देण्याची पद्धत अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञ एडवर्ड बिशप यांनी १९६४ मध्ये मांडली. ती आजही वापरात आहे. गुण कमी असल्यास प्रथम गर्भाशयमुख पिकविण्याचा उपाय होतो, आणि मग कळांचा.

मुख पिकविण्यासाठी एक प्रकारचे जेल आत लावले जाते. ते लावल्यावर अर्धा तास पडून राहावयाचे असते आणि गरज वाटल्यास सहा तासांनी पुन्हा लावतात. काही ठिकाणी अत्यल्प मात्रेच्या गोळ्या ठराविक अंतराने देतात. तिसरा उपाय औषधाविना आहे. रबरी नळीच्या टोकाशी असलेला लहानसा फुगा गर्भाशयमुखाच्या आत ठेवून पाण्याने फुगवितात. त्याच्या दाबाने मुख हळूहळू उघडते आणि पुरेसे उघडल्यावर फुगा आपोआप बाहेर येतो.

मुख मऊ झाल्यावर पाणमोट फोडतात. ही क्रिया वेदनेची नसते. तपासणीचा त्रास तेवढा होतो. पाणी स्वच्छ आहे की हिरवट, याकडे परिचारिकेचे लक्ष असते. त्यानंतर आवश्यक तर ऑक्सिटोसिनचे सलाईन लावतात, ज्याला आपल्याकडे ‘कळांचे सलाईन’ म्हणतात. हे द्रव्य प्रत्येक स्त्रीच्या मेंदूतील पीयूषिका ग्रंथीतून निसर्गतःच स्रवते. त्या ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते हे हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये दाखविले, आणि व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केले. त्या कार्याबद्दल त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे औषध थेंबाथेंबाने सुरू करून हळूहळू वाढवितात. दहा मिनिटांत तीन ते चार चांगल्या कळा येणे हे उद्दिष्ट असते. दहा मिनिटांत पाचांहून अधिक कळा येऊ लागल्या, तर दोन कळांमध्ये बाळाला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. म्हणून सलाईन चालू असताना कळा मोजणे व बाळाच्या हृदयाचे ठोके पाहणे अत्यावश्यक असते. हे ठोके सामान्यतः मिनिटाला ११० ते १६० असतात. कळा अति झाल्यास सलाईन बंद करतात, आणि औषधाचा परिणाम काही मिनिटांतच ओसरू लागतो.

यावरून एक गोष्ट ध्यानी येईल. हे औषध देखरेखीविना वापरणे म्हणजे जिवाशी खेळ होय. घरी कोणाकडून तरी ‘कळा वाढविण्याचे इंजेक्शन’ टोचून घेणे कदापि करू नये. त्याने गर्भाशय फाटू शकते. एरंडेल पाजणे, तीव्र काढे देणे हे प्रकारही टाळावेत. जुलाब होऊन ऐन वेळी अशक्तपणा येतो. पूर्वी सिझेरियन किंवा गर्भाशयावरील अन्य शस्त्रक्रिया झाली असल्यास ती न विसरता सांगावी, कारण काही औषधे अशा स्त्रियांना देता येत नाहीत.

जाण्यापूर्वीची तयारी

प्रेरित प्रसूतीचा एक मोठा लाभ असा, की दिवस आधी ठरलेला असतो. रात्री-अपरात्री धावपळ होत नाही. तयारीस अवसर मिळतो. माता व बाल संरक्षण कार्ड, सर्व तपासण्यांचे कागद, रक्तगटाचा दाखला आणि चालू औषधे एका पिशवीत ठेवावीत. सैल सुती कपडे, बाळासाठी धुतलेली मऊ दुपटी व टोपडे, पाण्याची बाटली, हलका खाऊ घ्यावा. सोबत एखादे पुस्तक किंवा विणकामही असावे, कारण वाट पाहण्याचा काळ दीर्घ असतो.

डॉक्टरांना हे प्रश्न अवश्य विचारावेत : कळा आणविण्याचे कारण काय? थांबल्यास काय होईल? कोणता उपाय योजणार? वेदना कमी करण्याची कोणती सोय आहे? या उपायाने कळा आल्या नाहीत, तर पुढे काय? असे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. संमतीपत्रावर सही गर्भवतीची असते. म्हणून समजून घेण्याचा पहिला हक्कही तिचाच आहे.

खर्चाच्या चिंतेने कोणी मागे राहू नये. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी इस्पितळात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, आहार व ने-आण या सेवा विनामूल्य आहेत.

धीर धरण्याची कला

अनेक स्त्रियांचा हिरमोड होतो तो कालावधीबाबत. सकाळी दाखल झालो, म्हणजे सायंकाळपर्यंत बाळ हाती येईल अशी त्यांची समजूत असते. पहिलटकरणीच्या बाबतीत, मुख कच्चे असेल तर, एक दिवस, कधी दोन दिवसही लागतात. शेजारच्या खाटेवरची आपल्यानंतर येऊन आधी मोकळी झाली, म्हणून आपले काही बिघडले असे मानू नये. पहिल्या टप्प्यात शक्य तितकी झोप घ्यावी, डॉक्टरांनी मना केले नसेल तर थोडेथोडे खावे-प्यावे, दर दोन तासांनी लघवीस जाऊन यावे.

सलाईनच्या कळा आपोआप येणाऱ्या कळांपेक्षा लवकर जोर धरतात, असा पुष्कळ जणींचा अनुभव आहे. तेव्हा कळ येऊ लागताच नाकाने सावकाश श्वास घ्यावा व तोंडाने त्याहून सावकाश सोडावा. खांदे, जबडा, मुठी सैल सोडाव्यात. कळ साधारणपणे मिनिटभर चढते नि उतरते. पुढचा सारा दिवस मनात न आणता त्या एका मिनिटाचाच विचार करावा. उताणे पडून राहण्यापेक्षा कुशीवर, विशेषतः डाव्या कुशीवर, झोपावे. परवानगी असेल तर बसावे, उभे राहावे, सलाईनच्या स्टँडसह चार पावले चालावे. कंबरेवर तळहाताने दाबून चोळल्यास किंवा कोमट पाण्याने शेकल्यास बराच आराम पडतो. मुख पूर्ण उघडल्याचे सांगेपर्यंत जोर करू नये.

वेदना असह्य झाल्या तर तसे सांगण्यात कमीपणा नाही. वेदनाशामक इंजेक्शन, तसेच मोठ्या इस्पितळांतून पाठीच्या कण्यात देण्याचे एपिड्युरल, हे उपाय उपलब्ध असतात. मुकाट्याने सोसले म्हणजे चांगले बाळंतपण, हा समज आता टाकून द्यावा.

प्रसूतिकक्षात सोबत विश्वासाची एक स्त्री असावी, हे आता आरोग्य खात्याच्या धोरणातही मान्य झाले आहे. आई, सासू, बहीण, जाऊ, कोणीही चालेल; मात्र ती शांत स्वभावाची असावी. स्वतःच्या अथवा शेजारणीच्या अवघड बाळंतपणाच्या कथा सांगणारी नसावी! तिने हात धरावा, पाठ चोळावी, पाणी पाजावे आणि काही वेगळे दिसताच परिचारिकेस सांगावे. पतीनेही केवळ बाहेर येरझाऱ्या न घालता आपण जवळच आहोत असा निरोप आत पोहोचवीत राहावे.

उपाय लागू पडला नाही तर?

कधी कधी औषधांनीही मुख उघडत नाही, किंवा बाळाचे ठोके बिघडतात. मग सिझेरियन करावे लागते. हा त्या स्त्रीचा पराभव नव्हे, आणि डॉक्टरांचाही नव्हे. कळा आणविल्या म्हणजे शस्त्रक्रिया ठरलेलीच, ही समजूतही बरोबर नाही. अमेरिकेत सहा हजारांहून अधिक पहिलटकरणींच्या एका अभ्यासात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, ३९ व्या आठवड्यात कळा आणविलेल्या स्त्रियांत सिझेरियनचे प्रमाण शेकडा १८.६, तर वाट पाहिलेल्यांत शेकडा २२.२ आढळले. हा अभ्यास निरोगी स्त्रियांचा व सुसज्ज इस्पितळांतील होता. म्हणून त्याचा अर्थ सर्वांनी कळा आणवाव्यात असा नाही. कारण असेल तेथे भिऊ नये, इतकाच बोध त्यातून घ्यावयाचा.

प्रसूतीनंतर रक्तस्रावाकडे लक्ष ठेवले जाते, म्हणून लगेच घरी जाण्याची घाई करू नये. रक्तदाबाच्या रुग्णास झटक्यांचा धोका प्रसूतीनंतरही काही दिवस राहतो. बाळाला पहिल्या तासातच अंगावर घ्यावे.

जत्रेतील त्या सासूबाईंनी सारे शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी विचारले, “आणि अमावास्या?” अधिकारी बाई म्हणाल्या, “आजी, फळ आपोआप गळते हे खरे. पण झाडालाच कीड लागली तर आपण फळ उतरवून घेतो की नाही? तेव्हा आपण तिथी पाहतो का?” सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग सुनेच्या हातातील पिशवी त्यांनी स्वतःकडे घेतली आणि रुग्णवाहिकेसाठी कोठे थांबावे, असे विचारले. रात्रीच्या आत ती दोघे इस्पितळात पोहोचली, आणि तिसऱ्या दिवशी त्या घरी मुलगी झाल्याचा निरोप बाईंकडे आला.

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडे म्हणतात. त्या जन्माची घटका पंचांगावरून ठरवू नये, आणि भीतीने लांबवूही नये. ती तपासणीने, समजुतीने आणि घरच्यांच्या आधाराने ठरावी, एवढेच आमच्या वाचक भगिनींना व त्यांच्या कुटुंबीयांना सांगणे आहे.